तगाईच्या फळाचें माप : वटार गांवाच्या निमित्तानें

जुन्या दप्तरांत तगाई दिल्याचे कागद जितके सांपडतात, तितके त्या तगाईच्या परिणामाचे सांपडत नाहींत, ही गोष्ट मोडी रुमाल चाळणाऱ्या कोणाहि अभ्यासकाच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. अमुक परगण्यांत, अमुक सालीं, अमुक कुळास बैलाकरितां, बियाण्याकरितां, जळालेल्या घराकरितां किंवा बुजलेल्या विहिरीकरितां इतके रुपये दिले, हप्ते इतके बांधले, जामीन अमका, येथवर कारकुनाची लेखणी चोख चालते. पुढें त्या रुपयांचें काय झालें, बैल दावणीस आला कीं पैका पोटांतच गेला, विहिरीस पाणी लागलें कीं नाहीं, कूळ गांवीं टिकलें कीं पुढल्याच वर्षीं परागंदा झालें, याविषयीं तोच कागद मुका होतो. वसूलबाकीच्या झाड्यांत तें कूळ पुन्हां दिसतें खरें, पण तें केवळ देणेकरी म्हणून.

प्रस्तुत लेखांत आम्हीं हाच प्रश्न हातीं घेतला आहे. आपत्तीच्या वेळीं रोख पैका दिला असतां गांवास त्याचा काय गुण आला, हें कशावरून ओळखावें, आणि मागल्या लोकांनीं तें कशावरून ओळखलें? प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याचें उत्तर ज्या कागदांत आहे ते कागद बहुतेक संग्राहकांच्या हातून जातात, आणि पुष्कळदां किरकोळ म्हणून टाकलेहि जातात. म्हणून तो येथें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

निमित्तास गांव घेतलें आहे तें वसई तालुक्यांतील वटार. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्राच्या अंगास, निर्मळापासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत जो वाड्यांचा पट्टा आहे, त्यांत हें गांव येतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला, तोंपर्यंत तें ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. येथें किल्ला नाहीं, लढाईचें मैदान नाहीं. मोठ्या इतिहासांत याचें नांव शोधूं गेल्यास श्रम फुकट जातील. आम्हीं तें मुद्दाम घेतलें. आपल्याकडे दुष्काळाचा व मदतीचा जो इतिहास लिहिला गेला तो देशावरचा, ज्वारी-बाजरीच्या मुलखाचा आहे. त्या मुलखासाठीं बनविलेलीं मापें वाडीच्या मुलखास लावूं लागलें म्हणजे तीं मापें कशाचीं होतीं हें एकदम उघडें पडतें.

वाडीचें अर्थकारण थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जमीन रेताड, पाणी हाताशीं. विजेचे व तेलाचे पंप येण्यापूर्वीं विहिरीवर रहाट, रहाटास बैल अथवा रेडा, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेल, भाजी व फुलें, बांधावर माड, पावसाचें पाणी धरून ठेवणारीं बावखलें गांवोगांव. आगाशीचीं सुकेळीं प्रसिद्ध आहेतच. राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवून तीं करतात. या सर्व मांडणींत पैका आधीं जमिनींत जातो व फळ मागाहून येतें, आणि किती मागाहून येतें तें झाडावर अवलंबून असतें. भाजी दोन-तीन महिन्यांत हाताशीं येते, केळीस वर्ष लागतें, पानवेल बसण्यास तितकाच काळ जातो, आणि नवा माड फळाला येण्यास सहा-सात वर्षें सहज लागतात. तेव्हां वादळानंतर दिलेल्या रुपयांचा हिशेब सहा महिन्यांनीं घेतला तर फक्त भाजीवाला सावरलेला दिसेल. वर्षानें घेतला तर केळीवाला. आणि माडवाल्याचें खरें चित्र दिसावें तर मोजणारा अधिकारी बहुधा दोनदां बदलून गेलेला असतो. कोणत्या दिवशीं मोजावें, हें आधीं पिकास विचारलें पाहिजे.

आतां मागल्या काळाकडे वळूं. रोख मदतीचा आणि तिच्या फळाचा विचार एकाच कागदांत केलेला असा सर्वांत ठळक मराठी लेख म्हणजे शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास ५ सप्टेंबर १६७६ रोजीं पाठविलेलें पत्र. तें वाचकांच्या परिचयाचें आहे, आणि रयतेविषयींच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून तें नेहमीं पुढें ठेवलें जातें. आमच्या मतें त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. पत्रांत सुभेदारानें गांवोगांव फिरावें, प्रत्येक गांवचे कुणबी गोळा करावे, कोणाची माणुसबळाची कुवत किती, कोणापाशीं बैल, दाणे, संच आहे, हें आधीं पाहावें असें सांगितलें आहे. म्हणजे पैका देण्यापूर्वींची स्थिति नोंदविण्याचा हा हुकूम आहे. त्यानंतर, ज्याला शेत करण्याची ताकद आहे, माणसें आहेत, पण बैल, नांगर व पोटास दाणे नाहींत आणि तेवढ्यानें जो अडून बसला आहे, त्याला रोख पैसे देऊन दोन-चार बैल घेववावे आणि खंडी-दोन खंडी धान्य द्यावें, असें आहे. फेड मागतांना वाढीदिढी लावूं नये, त्याला शक्ति आल्यावर हळूहळू नुसतें मुद्दल घ्यावें. यासाठीं एक-दोन लक्ष लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. मात्र पडीक जमीन लागवडीस आली पाहिजे आणि सरकारचा वसूल वाढला पाहिजे.

(लारी म्हणजे इराणांतील लार शहराच्या नांवावरून ओळखलें जाणारें, चांदीची तार दुमडून केलेलें नाणें. कोंकणच्या बंदरांतून तें पुष्कळ चालत असे. नाणेंसंग्राहकांनीं अशी एखादी लारी हातीं आल्यास तिच्या चांदीच्या वजनाबरोबर या पत्राचीहि आठवण ठेवावी.)

या हुकुमांत निवड, साधन, मुदत व फळ अशीं चारहि अंगें आलीं आहेत. मदत सर्वांत दीन माणसास नव्हे, तर जो थोडक्यासाठीं अडला आहे त्यास द्यावयाची. ही निवड आजच्या पुष्कळ योजनांहून अधिक स्पष्ट आहे. ती सर्वस्वीं न्याय्य आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या घरांत माणुसबळच उरलें नाहीं, त्या विधवेस किंवा म्हाताऱ्यास या तगाईंत जागा नव्हती. आणि फळाचें जें माप ठरविलें तें देणाऱ्याच्या सोयीचें आहे. लागवड व वसूल वाढणें म्हणजे रयत सुधारणें, हें समीकरण चांगल्या सुभेदाराच्या हातीं खरें ठरतें. वाईट सुभेदाराच्या हातीं वसूल पिळूनहि वाढतो. नुसत्या जमाबंदीच्या आंकड्यावरून हा भेद ओळखतां येत नाहीं. तगाईवरील पुढील सव्वातीनशें वर्षांचा वाद याच ठिकाणीं घोटाळत राहिलेला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

वसई प्रांताचीं संकटें देशावरच्या धर्तीचीं नव्हतीं. मे १६१८ मध्यें वसईवर जें भयंकर तुफान आलें त्यानें घरें, चर्चें व बागा जमीनदोस्त केल्या. पुढें १७३७ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, तेव्हांपासून मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या स्वाधीन वसई होईपर्यंत दोन वर्षें हा मुलूख रणभूमि होता. या मोहिमेचे कागद पेशवे दप्तराच्या निवडींत गो. स. सरदेसाई यांनीं छापले आहेत. त्यांत दारूगोळा, सुरुंग, जखमी व ठार यांचे हिशेब आहेत. ज्या वाड्यांतून फौजा गेल्या त्या वाड्यांतील माड किती तुटले हें तेथें कोण लिहिणार? लढाईनंतर ओस जमीन वसविण्याची मराठी राज्याची रीत ठरलेली होती : कौल द्यावा, पहिल्या वर्षीं नांवाला धारा घेऊन इस्ताव्यानें तो वर्षानुवर्षें चढवीत न्यावा, आणि गरजवंतास तगाई द्यावी. इस्तावा हीहि एक प्रकारची रोख मदतच होय. फरक इतकाच कीं रुपये हातांत पडत नाहींत, हातांतून जात नाहींत.

इस्ताव्याचा कागद अभ्यासकास तगाईच्या कागदाहून अधिक बोलका वाटतो, कारण त्यांत पुढील पांच-सात वर्षें आधींच लिहिलेलीं असतात. ठरलेला चढ प्रत्यक्षांत वसूल झाला कीं मध्येंच सूट द्यावी लागली, हें त्या त्या वर्षाच्या ताळेबंदाशीं ताडून पाहिलें म्हणजे कूळ खरोखर उभें राहिलें कीं नाहीं याचा अंदाज लागतो. वसईच्या बाबतींत अडचण अशी कीं राज्येंच स्थिर राहिलीं नाहींत. १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें वसई घेतली, सालबाईच्या तहानें ती पेशव्यांस परत आली, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं याच वसईंत बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला, आणि १८१८ पर्यंत सर्वच अंमल पालटला. प्रत्येक अंमलाचा बिघा, धारा व हिशेबाची मांडणी निराळी. दोन निरनिराळ्या मापांनीं मोजलेल्या वर्षांची तुलना करून गांव सुधारलें किंवा बुडालें असें म्हणणें म्हणजे शेर व रत्तल यांची बेरीज करणें होय.

इंग्रजी अंमलांत आंकडे वाढले, परंतु प्रश्न तोच राहिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनेंत मदत मुख्यतः कामावरच्या मजुरीच्या रूपानें दिली गेली. व्हाइसरॉय लिटन याचा प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल १८७७ च्या आरंभीं फिरूं लागला, आणि माणशीं दिवसास एक रत्तल धान्याची किंमत व वर थोडे पैसे एवढ्यावर मजुरी आणण्यांत आली. ही मजुरी पुरते कीं नाहीं हें टेंपलनें ओळखलें तें कामावरच्या लोकांकडे पाहून. लोक बरे दिसतात, असें त्याचें मत पडलें. मद्रासेकडे तेथील आरोग्य-अधिकारी डॉ. कॉर्निश यानें उलट पक्ष घेतला : श्रम करणाऱ्या देहास एक रत्तल पुरत नाहीं, आणि उपासमारीची झीज डोळ्यांस दिसूं लागते तेव्हां उशीर झालेला असतो. मुंबई इलाख्यांत लाखाहून अधिक लोकांनीं कमी मजुरीच्या निषेधार्थ कामें सोडलीं. पुण्याची सार्वजनिक सभा, विशेषतः गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून सरकारास अर्ज पाठवीत होती. हा केवळ राजकीय झगडा नव्हता. मदतीचें माप देणाऱ्यानें ठरवावें कीं घेणाऱ्याच्या गांवांत जाऊन काढावें, हा त्यांतला मुद्दा होता. आणि आमच्या मतें सभेची बाजू शास्त्रदृष्ट्याहि सरस होती, कारण ती कामावर आलेल्यांबरोबर कामावर न आलेल्यांचीहि चौकशी करीत होती. मजुरीच्या तळावर उभें राहून जो मोजतो, त्याला तळापर्यंत चालत न येऊं शकलेला माणूस दिसतच नाहीं.

शेवटचा हिशेब खानेसुमारीनें केला. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्यें सुमारें ७ लक्ष १९ हजार होती, ती १८८१ मध्यें सुमारें ५ लक्ष ८२ हजार भरली. हा आंकडा भयानक आहे, पण मदतीचें माप म्हणून तो आंधळा आहे. त्यांत मेलेले व गांव सोडून गेलेले एकत्र आहेत. आणि मदत न मिळती तर तो किती झाला असता, हें त्यावरून निघत नाहीं.

या दुष्काळापूर्वींच, १८७५ च्या मे महिन्यांत, सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो पुणें-नगर भागांत पसरला. दंगेखोर लोक सावकाराच्या घरांतून नेमके रोखे व खतें शोधून जाळीत. कर्जदाराच्या बाजूनें तें समजण्यासारखें आहे; संशोधकाच्या बाजूनें पाहतां मात्र त्या होळींत जें गेलें त्याची भरपाई कशानेंहि होणार नाहीं. कारण सरकारी तगाईचें खरें फळ सावकाराच्या खातेवहींतच उमटतें. १८८३ चा जमीन-सुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांनीं तगाईस पक्कें रूप दिलें. पण अशा कर्जाची फेड वेळेवर झाली म्हणजे मदत यशस्वी झाली असें मानण्याचा कल कचेऱ्यांतून सहज उत्पन्न होतो. कुळानें सरकारी हप्ता भरण्यासाठीं सावकाराकडून दिढीनें पैका काढला असेल, तर सरकारदप्तरीं तें उत्तम कूळ ठरतें आणि सावकाराच्या वहींत बुडालेलें. दोन्ही वह्या शेजारीं ठेवल्याशिवाय खरें कळत नाहीं.

उत्तर कोंकणाशीं या वादाचा साक्षात् संबंध १८९६ मध्यें आला. त्या सालच्या दुष्काळांत सार्वजनिक सभेचे लोक ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत हिंडले, दुष्काळाच्या सरकारी नियमांत रयतेचे हक्क काय आहेत हें त्यांनीं समजावून दिलें, आणि पिकाची खरी स्थिति गोळा केली. उंबरगांवाकडचा भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. तो १९६० मध्यें गुजरातेंत गेला. सरकारास हा उद्योग रुचला नाहीं. खटले झाले, आणि १८९७ च्या मार्चांत सभेशीं पत्रव्यवहार ठेवण्याचेंच सरकारनें नाकारलें. वादाचें मूळ आणेवारींत होतें. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून यंदा किती आणे पिकलें हें ठरवावयाचें, व त्यावर तहकुबी आणि सूट अवलंबावयाची, ही ती पद्धत. पुढें आण्यांच्या जागीं पैसे आल्यावर तीच पैसेवारी झाली.

आणेवारीविषयीं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, ती संकट मोजते, मदत मोजीत नाहीं. चार आणे पीक आलें म्हणून सूट दिली, येथें तिचें काम संपलें. दुसरी गोष्ट वटारसारख्या गांवास विशेष लागू आहे. आणेवारी एका हंगामाच्या, एकाच वेळीं कापल्या जाणाऱ्या धान्यासाठीं बनलेली आहे. एकाच वाडींत केळ, पानवेल, भाजी, फुलें व माड एकमेकांत मिसळून लावलेले असतात व त्यांचें उत्पन्न बारा महिने थोडें थोडें येतें, तेथें सोळा आणे कशास म्हणावें? वाडीवाल्याचें नुकसान वर्षाच्या पिकाचें नसून वर्षानुवर्षें घातलेल्या मुद्दलाचें असतें.

हा भेद प्रत्यक्ष अनुभवास आला तो आपल्याच काळांत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. राज्य सरकारनें बागायतीस हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, असा वाढीव दर लावला. आंकडा मोठा दिसतो. पण एका हेक्टरांत जवळजवळ ९९ गुंठे येतात, म्हणजे गुंठ्यास सुमारें पांचशें रुपये. पांच गुंठ्यांच्या वाडींत पंधरा वर्षें जोपासलेले माड पडले, तरी या हिशेबानें मालकाच्या हातीं अडीच हजार पडावयाचे. तक्रार झाली, आणि नारळाच्या झाडास २५० व सुपारीच्या झाडास ५० रुपये असा झाडागणिक दर ठरविण्यांत आला. रक्कम तुटपुंजी खरी, पण मोजण्याचें एकक बदललें, आणि इतिहासाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व रकमेहून जास्त आहे. पुढील वर्षीं, १६ व १७ मे २०२१ या दिवशीं, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेलें; वसई तालुक्यांत केळीच्या बागांचें व घरांचें नुकसान झालें; आणि मदत निसर्गाच्याच धर्तीवर जाहीर झाली.

येथें जुन्या कागदांचा अभ्यासक थोडा हंसल्याशिवाय राहणार नाहीं. या किनाऱ्यावर सरकारला झाडें मोजतां येत नव्हतीं असें नाहीं. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडी-माडीसाठीं छेदल्या जाणाऱ्या झाडांवर झाडागणिक कर घेतला जात होता, आणि त्यासाठीं झाडांची गणती काटेकोर होत असे. घेतांना झाड हें एकक, देतांना हेक्टर! सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें देण्याचें एकक घेण्याच्या एककास येऊन मिळालें, इतकेंच म्हणावयाचें.

मजुरीच्या रूपानें दिलेल्या रोख मदतीचा मोठा प्रयोग महाराष्ट्रानें १९७२-७३ च्या दुष्काळांत केला. मे १९७३ मध्यें दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसें होतीं. त्याच अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्यें झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांचे हजेरीपट हे या विषयाचें फार मोठें साधन आहे. गांवांतून कोण, किती दिवस, कोणत्या महिन्यांत कामावर गेलें हें त्यांत आहे. सरकारी कचेऱ्यांतून ते रद्दी म्हणून जाण्यास उशीर लागत नाहीं, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

परदेशांत या मापनाचें शास्त्र अलीकडे पुष्कळ पुढें गेलें आहे. केनिया देशाच्या पश्चिमेस सिआया भागांत ६५३ गांवें घेऊन त्यांपैकीं सुमारें निम्मीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडण्यांत आलीं, आणि २०१४ पासून सुमारें तीन वर्षांत साडेदहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबांस प्रत्येकीं सुमारें हजार डॉलर रोख देण्यांत आले. ती आपत्तीची मदत नव्हती, तरी मोजण्याची रीत घेण्यासारखी आहे. अभ्यासकांनीं पैसे मिळालेल्यांबरोबरच न मिळालेले शेजारी, दुकानदार, मजूर व बाजारभाव हीं सर्व तपासलीं. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें दिलेल्या प्रत्येक डॉलरामागें त्या भागांतील एकंदर व्यवहार सुमारें अडीच डॉलरांनीं वाढला, भाव जवळजवळ वाढले नाहींत, आणि ज्यांना कांहींच मिळालें नव्हतें त्यांचीहि स्थिति सुधारली.

ही दृष्टि घेऊन वसईच्या वाडींतील तगाईकडे पुन्हां पाहावें. वाडीवाल्यास बैलाचे पैसे मिळाले. ते बैल विकणाऱ्याकडे गेले. विहिरीचे मिळाले, ते खोदणाऱ्यांकडे व रहाट करणाऱ्या सुतारांकडे गेले. केळीच्या मुनव्यांचे मिळाले. ते ज्याची बाग वांचली होती त्या शेजाऱ्याकडे गेले, आणि त्या वाडींत रोजावर राबणाऱ्या वारल्याच्या चुलीपर्यंत त्यांतले थोडे पोंचले. सरकारी यादींत नांव एकाचें, फळ चारांस. याच्या उलटहि घडतें. गांवांत बैल थोडे व पैका एकदम फार आला, तर बैलाचाच भाव चढतो आणि तगाई न मिळालेला माणूस पूर्वींपेक्षां वाईट स्थितींत पडतो. म्हणून एका गांवाच्या मदतीचें माप काढावयाचें तर त्याच वर्षाचा आगाशीच्या बाजाराचा भाव आणि मदत न मिळालेल्या जवळच्या गांवाची स्थिति, हीं दोन्ही लागतात. इतिहासांत चिठ्ठ्या टाकून निवड झालेली नसते. परंतु कमाविसदाराची लहर, गांवाची सीमा किंवा परगण्याची हद्द यांमुळें एका बाजूस मदत व दुसऱ्या बाजूस नाहीं, असे प्रसंग पुष्कळ घडलेले असतात. ते हुडकून काढणें हें संशोधकाचें काम.

त्यासाठीं कोणते कागद लागतात, तें आतां वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. गहाणखतें : संकटानंतर दोन-तीन वर्षांत वाडी गहाण पडली कीं गहाण सुटली, हें एका तारखेवरून कळतें. वाडीवाल्यांच्या घरच्या जमाखर्चाच्या वह्या : पानाचे कवळे, केळीचे लोंगर व रोजाची मजुरी त्यांत असते, आणि खर्चाच्या बाजूस नवा बैल दिसला म्हणजे तगाईचा शेवट कळतो. चर्चांतील बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या नोंदवह्या आणि पोलीस पाटलाकडील जन्ममृत्यूच्या नोंदी : वादळानंतरच्या बारा महिन्यांत लहान मुलांचीं दफनें वाढलीं कीं नेहमींइतकींच राहिलीं, आणि लग्नें पुढें ढकललीं गेलीं कीं वेळेवर झालीं, यासारखें निःपक्षपाती माप दुसरें नाहीं. लग्नाचा आंकडा आम्हांस विशेष विश्वसनीय वाटतो. हातांत चार पैसे असल्याखेरीज कोणी मांडव घालीत नाहीं, आणि त्या नोंदी ठेवणाऱ्याचा तगाईशीं कांहींएक संबंध नसतो.

वसई-विरारकडे वाड्या मोडून इमारती उठण्याचा वेग ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या कागदांच्या भवितव्याविषयीं निराळें सांगावयास नको. जमीन विकली जाते तेव्हां सातबारा, खरेदीखत व फेरफार तेवढे जपून ठेवतात, कारण त्यांवर पैसे मिळतात. आजोबांची पानमळ्याची वही जुन्या पेटाऱ्याबरोबर जाते. शिवाय नवी मदत थेट बँकेच्या खात्यांत जमा होत असल्यामुळें तगाईच्या रोख्यासारखा कागदच आतां निर्माण होत नाहीं. तलाठ्यानें केलेला पंचनामा, पासबुकांतील एक ओळ आणि पडलेल्या झाडांचें एखादें छायाचित्र, एवढाच २०२१ च्या वादळाचा एका घरापुरता पुरावा असतो, आणि तीं तिन्ही तीन ठिकाणीं असतात. वटार, नंदाखाल, निर्मळ, आगाशी या बाजूच्या ज्या मंडळींपाशीं असे कागद असतील, त्यांनीं पंचनाम्याची प्रत, पासबुकाच्या त्या पानाची नक्कल व किती माड, किती केळी पडल्या याची स्वहस्तें केलेली यादी, हीं घरच्या जुन्या गहाणखतांबरोबर एकाच रुमालांत बांधावीं, आणि रुमालावर वाडीचें नांव व वादळाचें साल लिहावें. लावलेल्या नव्या माडांस पहिलें फळ कधीं धरलें, तेंहि त्याच यादीच्या खालीं मागाहून तारखेसह नोंदवावें.